आनंदीने सूज आतून पाहिली

मित्रांनो, डिचोलीच्या बाजारात, औषधाच्या दुकानावरच्या माडीत राहणारा मी एक म्हातारा सूक्ष्मदर्शक आहे. माझा जन्म मात्र इथला नव्हे. दूर उत्तरेला अंबाला नावाचे शहर आहे, तिथल्या एका कारखान्यात मला घडवले. ओतीव लोखंडाचा पाय, पितळेची नळी आणि तळाशी फिरती भिंगे. गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून मला गोव्याला पाठवले, तेव्हा गोवा नुकताच स्वतंत्र राज्य झाला होता. बाजारात माणसे भेटली की कोकणी आणि मराठीवरून अजून शब्दाला शब्द वाढत असे.

माझी मालकीण डॉक्टर सुमंगला. तिने तपासणीची ही छोटी जागा नवीनच थाटली होती. जनेलाजवळ, म्हणजे खिडकीजवळ, मेजावर तिने मला बसवले. खालून खनिजाचे ट्रक जात आणि जनेल बंद असले तरी लाल धूळ आत येई. रोज सकाळी सुमंगला जुन्या मऊ साडीच्या तुकड्याने माझी भिंगे पुसायची आणि मगच कामाला लागायची. हिवतापाचे जंतू मी दाखवले, क्षयाचे दाखवले. वेळेवर औषध मिळून बरी झालेली माणसे जिना चढून येत, डॉक्टरीणबाईंना केळी नाहीतर फणसाचे गरे देत आणि जाता जाता माझ्याकडेही कौतुकाने बघत. त्या दिवसांत मला मोठी धन्यता वाटे.

अशाच एका दुपारी मुळगावची आनंदी आली. पस्तिशीची बाई, पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतलेला. बरोबर नवरा सखाराम होता. तो खाणीवर ट्रक चालवायचा.

आनंदीचा डावा स्तन लाल झाला होता आणि हात लावला तर गरम लागत होता. सासू रुक्मिणीने आधी मायेने हळदीचा लेप लावला, शेक दिला. शेजारणी म्हणाल्या, दूध साकळले असेल. पण तिच्या धाकट्याने दूध सोडून बराच काळ लोटला होता. गावातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, मग बदलून दुसऱ्या दिल्या. लाली हटेना. उलट कातडी जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली. तेव्हा त्या भल्या डॉक्टरने कातडीचा छोटा तुकडा काढून आधीच तपासायला सुमंगलेकडे पाठवला होता, आणि त्या दुपारी दोघं निकाल ऐकायला आली होती.

तो तुकडा मेणात घट्ट केला, त्याचे पातळ काप काढले, गुलाबी आणि जांभळ्या रंगात बुडवले आणि काचेवर ठेवून माझ्याखाली सरकवले. सुमंगला वाकली. एरवी ती पटकन उठायची. त्या दिवशी ती काच इकडेतिकडे सरकवत कितीतरी वेळ बसून राहिली. तिचा उष्ण श्वास माझ्या नळीवर येत होता. शेवटी तिने डोळे पुसले आणि दोघांना आत बोलावले.

"आनंदी, ही साधी सूज नाही. हा स्तनाचा कर्करोग आहे. दिसतो मात्र सुजेसारखा, म्हणून सगळ्यांची गल्लत झाली. मुंबईला जावं लागेल. आधी औषधं, मग ऑपरेशन, मग किरणांचा उपचार."

सखारामने खुर्ची पुढे केली. आनंदी मात्र उभीच राहिली.

"माका मुंबयक जावचा नाय," ती म्हणाली. "ही माझ्या आंगातलीच उष्णता. खाणीचो चिखल आमच्या शेतात इलो, तेव्हा मी गावासमोर आरडलंय. सगळी म्हणतत, तुझोच राग तुझ्या आंगावर इलो. आपल्याच रागावर कोण औषध देता?"

"कोण म्हणतं असं?"

"सगळी म्हणतत. माका पण तसाच दिसता."

सुमंगलेने काच पुन्हा माझ्याखाली नीट सरकवली. ते पाहून आनंदीने विचारले, "डॉक्टरबाई, तुमी ह्या यंत्रातून काय बघितलात? माका ता बघूचा आसा."

आपलाच आजार पाहायला माझ्यापाशी आजवर कोणी आले नव्हते. सुमंगलेने खुर्ची पुढे ओढली, आनंदीला बसवले आणि एक डोळा मिटून कसे बघायचे ते शिकवले. आनंदीच्या पापण्यांचे केस माझ्या काचेला लागले. मित्रांनो, मी तेव्हा जमेल तितके स्वच्छ दाखवायचा प्रयत्न केला.

"जांभळे मोठे पुंजके दिसतायत? वेडेवाकडे? तो रोग. कातडीतल्या बारीक वाटांमध्ये तो अडकून बसलाय, म्हणून सूज."

"आणि हे बारके, गोल ठिपके?"

"त्या तुझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. शरीराच्या रखवालदार. काटा रुतला, जंतू शिरले की त्या धावून येतात आणि काही प्रथिनं सोडतात. ती प्रथिनं म्हणजे हाक. ती ऐकून आणखी पेशी येतात, रक्त वाढतं, जागा लाल होते, तापते. जखम भरली की हाक थांबते."

"मग हंय थांबाक नाय?"

"नाही. हा रोग लबाड आहे. तो ती हाक थांबू देत नाही. रखवालदारांनी जखम भरायला पाठवलेली रसद तोच खातो आणि वाढतो. कधी स्वतःही तशी प्रथिनं सोडतो. हे सगळं कसं चालतं, ते अजून शास्त्रज्ञ शोधतायत. या यंत्रात पेशी दिसतात. प्रथिनं दिसत नाहीत, ती फार बारीक."

ते ऐकून मला माझ्या भिंगांचे थोडे वाईट वाटले. आनंदी बघतच होती.

"म्हणजे ही माझीच माणसां फितूर झाली?"

"फितूर नाहीत गं. ती तुला वाचवायलाच आलीयत. फसली आहेत, एवढंच. तुझ्या रागाचा यात काही संबंध नाही. तू शेतासाठी ओरडलीस, ते बरंच केलंस."

आनंदीने डोळा काढला. एवढा वेळ तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, ते आता आले. सखाराम पुढे झाला.

"जावया गो," तो हळूच म्हणाला. "पोरांका आई सांभाळात. मी तुझ्यावांगडा ऱ्हवतंय."

आणि ती गेली. पुढचे मी माडीवर येणाऱ्यांच्या तोंडून ऐकले. औषधांनी तिचे केस गेले, अन्न नकोसे झाले, स्तन काढावा लागला. सखारामने ट्रकची नोकरी सोडली आणि दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहून तो तिच्यासाठी पेज रांधू लागला. परत आली तेव्हा डोक्याला रुमाल, गालफडे बसलेली. पण सुमंगलेला बघून ती हसली. असा रोग पुष्कळदा उलटतो; तिचा उलटला नाही. दरवर्षी तपासणीसाठी ती जिना चढून येई, आणि हळूहळू एकटी येईनाशी झाली. कधी भावजय, कधी बाजारातली ओळखीची, लाजून दुखणे लपवणारी कोणी ना कोणी बाई तिच्याबरोबर असे.

दरम्यान काळ बदलला. माडीवर विजेच्या दिव्याचा, दोन डोळ्यांचा नवा सूक्ष्मदर्शक आला. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळा तर ती प्रथिनेसुद्धा रंगवून दाखवू लागल्या. मला आलमारीत ठेवले. गोव्याच्या दमट हवेत माझ्या भिंगावर बुरशीची जाळी धरली. अंधारात मी कित्येक पावसाळे काढले.

एका श्रावणात आनंदी केरीच्या ताराला घेऊन आली. तारा नवी बाळंतीण, कोळ्यांच्या घरातली. तिचाही स्तन लाल, ठणकणारा. बाळ मांडीवर रडत होते. पू काढून काचेवर पसरला, आणि तेवढ्यात वीज गेली. नवा सूक्ष्मदर्शक आंधळा झाला.

"उद्या बघू," सुमंगला म्हणाली.

"उद्या कशाक?" आनंदी म्हणाली. "ह्या पोरग्याची रात कशी जातली? तुमचा जुना यंत्र खंय आसा?"

सुमंगलेने मला बाहेर काढले. भिंगे काढून पुसली, मेज जनेलाशी सरकवले आणि माझा छोटा आरसा आभाळाकडे वळवला. मला वीज कधी लागलीच नव्हती. करडा उजेड माझ्या नळीतून वर चढला. कडा धूसर होत्या, पण मधले दिसत होते. सुमंगलेने नीट पाहिले, पुन्हा पाहिले.

"जंतूंचं गळू आहे. औषधाने बरं होईल. तरी लाली पुरती गेल्याशिवाय मी तुला सोडणार नाही."

ताराला खरे वाटेना. तेव्हा आनंदीने तिला माझ्यापुढे बसवले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "हे गोल ठिपके दिसतत? भिया नको. ती तुझीच माणसां, तुझ्यासाठी धावून इली. आता औषध घे, म्हणजे ती घराक जातली."

तारा बघत राहिली. बाळाचे रडणे थांबले होते. आनंदीने त्याला आपल्या सपाट डाव्या कुशीत घेतले होते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना कोरडी जागा आणि मऊ फडके द्या, एवढेच मागणे मी माझ्यासाठी करतो. दुसरे मागणे तुमच्या घरासाठी आहे. आई, मावशी, ताई लाल झालेली, न उतरणारी सूज पदराआड लपवत असेल, तर तिला दोष देऊ नका. तिचा हात धरा आणि तिला जिना चढवून आणा.