लेकुरवाळीचा हात

ज्योतीनं टोपल्यातलं एक अंडं उचललं आणि गालाला लावून पाहिलं. गार होतं, पण पार गार झालेलं नव्हतं. तेराही अंडी पदरात घेऊन ती आतल्या खोलीत गेली, दार लोटलं आणि मोबाइलच्या टॉर्चवर एकेक धरून बघायला बसली.

कबरी कोंबडी बारा दिवस इमानानं बसली होती. मग अंगावर उवा पडल्या आणि पहाटे कधीतरी ती अंडी सोडून उठली. सकाळी ती चुलीमागच्या राखेत लोळताना सापडली. सखुबाईनं, म्हणजे ज्योतीच्या सासूनं, लांबूनच निकाल दिला होता : अंडी गेली, उकिरड्यावर टाका आणि कबरीच्या नाकात पीस खुपसा, म्हणजे तिची खुडूक, अंड्यांवर बसायची ओढ, मोडेल आणि ती पुन्हा अंडी घालायला लागेल.

दोन अंडी कोरी निघाली. उरलेल्या अकरांत लाल शिरांचं जाळं होतं, आणि एकात तर काळी सावली चक्क हलली. ज्योती एकटीच हसली.

कपाटावरचं थर्माकोलचं खोकं तिनं खाली काढलं. आत बल्ब, तापमान दाखवणारा काटा, पाण्याची वाटी. वसमतला शिकून येऊन हे उबवणीचं यंत्र तिनं स्वतःच तयार केलं होतं, आणि वर्षभर ते रिकामंच पडून होतं. कारण या घरात अंडी बसवायची ती लेकुरवाळीच्या हातानं. ज्योतीच्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. मग कोंबडी खुडूक झाली की शेजारच्या अमीरबीला बोलावणं जाई. पाच लेकरांची आई ती. बिस्मिल्ला म्हणत ती अंडी मांडायची आणि ज्योती उंबऱ्याबाहेर उभी राहायची. खुराडं झाडायला, दाणे टाकायला, मुंगसामागं काठी घेऊन धावायला ज्योतीचा हात चालायचा. अंड्याला तेवढा चालायचा नाही.

ही अंडीही अमीरबीच्याच हातची होती. उकिरड्यावर टाकली असती तर कोणी अवाक्षर काढलं नसतं. यंत्रात ठेवून ती फुटली नाहीत, तर डोंगरकडा गावातली अख्खी गल्ली काय म्हणेल ते ज्योतीला तोंडपाठ होतं. तिनं बटण दाबलं आणि बल्ब लावला.

सखुबाई दारात आली तेव्हा सहा अंडी खोक्यात गेली होती.

"काहून हात लावून राहिली त्याह्यला?"

"जित्ती हायेत, आत्याबाई."

"अन् न्हाई निघाली तर?"

ज्योतीनं सातवं अंडं ठेवलं. "तर माझ्या हातानं गेली म्हणा. पण निघाली तरीबी माझंच नाव घ्यायचं."

सखुबाई फणकाऱ्यानं निघून गेली. संध्याकाळी हळद शिजवून थकून आलेल्या संतरामनं बायकोला हळूच विचारलं, कशाला उगाच वाद? वाद आठ वर्षं जुना आहे, आपण आत्ता कुठं त्यात तोंड उघडलंय, असं तिनं त्याला सांगितलं. तो हातपाय धुऊन जेवायला बसला.

नाकात पीस खुपसायला मात्र तिनं साफ नकार दिला. कबरीच्या पिसांत राख आणि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा चुरा चोळला, टोपल्यात नवा कडबा घातला आणि त्यावर अंड्याएवढे गोटे मांडले. दोन दिवसांनी कबरी आपल्या पायांनी आली आणि त्या गोट्यांवर ठाण मांडून बसली. दोघी एकाच मापाच्या हट्टी, असं सखुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली.

नऊ दिवस ज्योती घर सोडून कुठं गेली नाही. सुरुवातीला दिवसातून चारदा अंडी फिरवायची, शेवटी नुसतं डोळ्यांत तेल घालून बसायचं. लाइट गेली की खोक्यावर गोधडी टाकायची आणि कडेला गरम पाण्याच्या बाटल्या लावायच्या. ती घाबरलेली होती. पण घाबरून हात आखडता घेण्यात तिनं आठ वर्षं घालवली होती, आणि त्यांचा तिला आता राग येत होता.

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत नऊ पिल्लं निघाली. दोन कवचातच राहिली. सखुबाईनं खोक्यात डोकावून पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर उजळला, आणि लगेच ती अंगणात जाऊन दोन-चार बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"अमीरबीच्या हाताला यश हाय बाई. बोलवा तिला, पिल्लं कबरीखाली सोडाया."

अमीरबी ओढणी सावरत आली तेव्हा ज्योती खोकं घेऊन टोपल्यापाशी बसलेली होती. तिनं कोणाकडं पाहिलं नाही. कबरीखालचा एक गोटा काढला आणि त्या जागी एक पिल्लू सरकवलं. कबरीनं खसकन चोच मारली. बोटातून रक्त आलं. ज्योतीनं दुसरा गोटा काढला. पुन्हा चोच बसली, पुन्हा पिल्लू गेलं. चौथ्या पिल्लाला कबरी घशातल्या घशात कुरकुरली आणि तिनं पंख जरासा उचलला. मग उरलेली पाच आपापली आत शिरली.

अमीरबी ज्योतीशेजारी खाली बसली आणि ओढणीच्या टोकानं तिचं बोट पुसलं.

"माझ्याकडं दोन कोंबड्या खुडूक झाल्या, बेटा," ती हलक्या आवाजात म्हणाली. "अंडी तू मांड. दिवेलागणीला ये, कुणी बघायचं न्हाई."

"कुणी बघणार नसल तर मी येत न्हाई, चाची," ज्योती म्हणाली. "दिवसा बोलवा."

अमीरबीनं सखुबाईकडं पाहिलं. सखुबाईची नजर कबरीच्या पंखाखालून बाहेर आलेल्या पिवळ्या डोक्यावर होती.

"बाजाराच्या दिवशी," सखुबाई म्हणाली, "गल्लीत लई माणसं असत्यात."

हा दम होता की दुसरं काही, ते तिच्या आवाजावरून कळेना. ज्योती पदर झटकून उभी राहिली.

"मग बाजाराच्याच दिवशी येते," ती म्हणाली.