खिळ्यावरचा निळा शर्ट

खुशबू दुकानात आली त्या दिवसापासून ती मला आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. तिनं माझं काही वाईट केलं नव्हतं. उलट आल्या आल्या 'ताई' म्हणत पाण्याचा ग्लास भरून दिला. पण चंद्रपुरातून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलेली चोवीस वर्षांची पोरगी असं पाणी आणून देते तेव्हा आपण म्हातारे झालो की काय असं वाटतं, आणि मी तर बेचाळीसचीच होते.

मुलचेऱ्याला बसस्टँडसमोर हरिदासभाऊंचा फोटो स्टुडिओ आहे. फोटो, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, सगळं तिथंच. मी तिथं चौदा वर्षं आहे. आजूबाजूच्या टोल्यांवरची, म्हणजे जंगलातल्या वस्त्यांवरची, कितीतरी माणसं आयुष्यात एकदाच फोटो काढतात, जमिनीच्या पट्ट्याच्या नाहीतर पेन्शनच्या अर्जासाठी. कुणी उघड्या अंगानं येतं, कुणी फाटक्या बनियनवर. त्यांच्यासाठी खिळ्यावर एक निळा शर्ट कायम टांगलेला असतो. तो अंगात घालायचा, स्टुलावर बसायचं, फोटो झाला की काढून ठेवायचा. मग कधीतरी तो माणूस वारतो आणि घरचे येतात. "बाई, बापाचा फोटो तुमच्या कॉम्प्युटरात हाय, मोठा करून पाह्यजे." आधारकार्ड असतं त्यांच्याकडे, पण आधारवरच्या फोटोत माणूस स्वतःलाच ओळखत नाही.

तो फोटो मी काढून द्यायची. फोल्डरांना धड नावं नव्हती. 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर चौतीस', 'इकडचे', 'तिकडचे'. कुठल्या टोल्याचे लोक कुठल्या साली आले होते, त्या दिवशी लाइट होती की जनरेटर लावला होता, हे सगळं माझ्या डोक्यात. भाऊ स्वतः माऊस धरून तासभर बसले तरी त्यांना काही सापडायचं नाही. मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "सत्यशीलाले येऊ द्या." जेवणाचा डबा नसला तरी चालेल, पण हे वाक्य मला रोज लागायचं.

खुशबूनं पहिल्याच आठवड्यात पासवर्ड मागितले. मेलचा, फॉर्मच्या साइटींचा, कॉम्प्युटरचा.

"काऊन पाह्यजे तुले?"

"ताई, उद्या तुम्ही बिमार पडल्या त दुकान बंद ठेवाचं काय?"

मी कधी बिमार पडले नव्हते, त्यामुळे मला तो शापच वाटला. भाऊंनी मात्र मान डोलावली. तिनं सगळे पासवर्ड बदलले, ज्याचा त्याला वेगळा दिला, आणि सगळे एका कागदावर लिहून, पाकीट चिकटवून भाऊंच्या कपाटात ठेवलं. माझा जुना पासवर्ड म्हणजे माझ्या भाचीचं नाव होतं. तो तिनं "लयच सोपा हाय" म्हणून काढून टाकला. भाची सातवीत आहे, तिला मी हे सांगितलं नाही.

मग आली ती तळहाताएवढी काळी हार्डडिस्क. दर शुक्रवारी फोटो त्यात कॉपी करायचे आणि डिस्क भाऊंनी घरी न्यायची. दुकानाला आग लागो की चोरी होवो, फोटो घरी शाबूत. भाऊ ती रुमालात गुंडाळून, खिशावर हात ठेवून न्यायचे. चौदा वर्षांत भर पावसात त्यांनी मला कधी छत्री विचारली नव्हती. डिस्कमध्ये जागा बेताची, म्हणून खुशबूनं वहीत यादी केली. यादीत असेल तेच फोल्डर कॉपी व्हायचं. दुपारी माझ्याशेजारी बसून ती एकेक फोटो विचारायची, मी नाव-गाव-साल सांगायची, ती टाइप करायची. माझंच डोकं ती माझ्यासमोर कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेत होती आणि वर "थँक्यू ताई" म्हणत होती.

एका दुपारी मी मागं जेवत होते. हात धुऊन आले तर एक माणूस आपल्या आईचा मोठा फोटो घेऊन निघालेला. खुशबूनं नाव टाइप केलं, फोटो निघाला, दोन मिनिटांत काम झालं.

"तुम्ही जेवून राह्यल्या होत्या ताई, म्हटलं काऊन उठवाचं," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी मी ते केलं. पहिल्या सहा वर्षांचं, टोल्यांवरच्या लोकांचं जे फोल्डर अजून टाइप व्हायचं राहिलं होतं, ते उचललं आणि 'प्रिंटर जुना' असं नाव देऊन कॉम्प्युटरमध्येच भलत्या ठिकाणी ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तिनं वही उघडून विचारलं, "ताई, आणखी कुठी जुने फोटो हायेत काय?"

"नाई," मी म्हटलं. "एवढेच."

तिनं माझ्यासमोर ते लिहून घेतलं.

पुढचे आठ महिने माझे मजेत गेले. यादीत न सापडणारं कुणी आलं की भाऊ पुन्हा म्हणायचे, "सत्यशीलाले येऊ द्या." मी खुशबूला चहा सांगायला पाठवायची आणि तेवढ्यात फोटो काढून ठेवायची. तिनं विचारलंच, तर जुन्या सीडीत सापडला म्हणायची. त्याच दिवसांत एका टोल्यावरची सोमारी मृत्युदाखल्याचा फॉर्म भरायला आली. नवरा झिंगू गेला होता.

"मोहफुलं येचून झाली का त्याचा कार्यक्रम हाय," ती म्हणाली. "तवा मोठा फोटो नेईन. हाय ना तुयापाशी?"

"हाय ना. मले सगळे चेहरे याद हायेत," मी म्हटलं, खुशबूला ऐकू जाईल अशा बेतानं.

एप्रिलमध्ये एका मंगळवारी सकाळी फोटोंच्या जुन्या कॉम्प्युटरमधून टकटक आवाज यायला लागला आणि पडदा काळा झाला. भाऊंचा चेहरा उतरला. खुशबूनं भाऊंच्या घरून काळी डिस्क मागवली, दुसऱ्या मशीनला लावली, आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळे फोटो नाव-गावासकट परत आले. भाऊंनी सगळ्यांना समोसे आणले. "पोरीनं दुकान वाचवलं," असं झेरॉक्सला आलेल्या माणसालाही सांगितलं. मीही समोसा खाल्ला. 'प्रिंटर जुना' परत आलं नव्हतं हे मला एकटीलाच माहीत होतं, आणि तरी त्या वेळी मला तिच्या कौतुकाचाच जास्त राग आला.

गुरुवारी दातदुखीचं निमित्त करून मी बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घातला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन चंद्रपूर गाठलं. दुरुस्तीवाल्यानं उघडून पाहिलं. "आतली प्लेट घासली गेली मॅडम. याच्यातून आता काही निघत नाई." मी परत आले आणि दात बरा आहे म्हणून सांगितलं.

मोहफुलं संपली आणि सोमारी आली. डोक्यावरचं गाठोडं तिनं उंबऱ्याशी उतरवलं. खुशबूनं यादीत शोधलं. झिंगू नव्हता. भाऊ म्हणाले, "सत्यशीलाले पाहू द्या." मी चष्मा लावला आणि दहा मिनिटं उगाच माऊस फिरवला.

"खुशबू, तुह्याकडून कॉपी कराचा राह्यला काय?" भाऊंनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता.

खुशबूनं वही काढली. पान उलटलं, बोट ठेवून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिला समजलं, हे मला समजलं. तिनं वही मिटली.

"हो भाऊ. माह्याकडून राह्यलं."

मेहेरबानी झाली असं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मोठेपणासुद्धा हिनंच घ्यायचा का, म्हणून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सोमारीनं पदराच्या गाठीतून झिंगूचं आधारकार्ड काढलं. खुशबूनं ते स्कॅन केलं, मोठं केलं, उजळ करून पाहिलं, प्रिंट दिली. सोमारीनं प्रिंट लांब धरली, मग जवळ आणली.

"हा माहा माणूस नाई," ती म्हणाली.

"ताई, तुम्ही सांगत जा, मी तसं करून पाहते," खुशबू मला म्हणाली. तिनं खुर्ची माझ्याकडे सरकवली. सोमारीही वळली.

"तुले त याद हाय ना बाई. सांग, कसा होता त्याचा चेहरा?"

मी डोळे मिटले. तो दिवस लख्ख आठवला. लाइट नव्हती. त्यानं कुऱ्हाड दाराबाहेर टेकवून ठेवली होती. खिळ्यावरचा शर्ट त्याला आखूड झाला होता आणि गळ्याचं बटण तुटलेलं होतं. मी कॉलर सारखी केली. कॉलरच्या वर काही येईना. आला तो कुणा दुसऱ्याचाच चेहरा, त्याच शर्टातला, मग तिसऱ्याचा. कुठला फोटो कुठं ठेवलाय एवढंच मी चौदा वर्षं लक्षात ठेवलं होतं.

"निळा शर्ट होता," मी म्हटलं. "वरचं बटण नव्हतं. मी पिन लावून दिली होती."

सोमारी वाट पाहत राहिली.

"तो शर्ट त तुमचाच होता, बाई," ती म्हणाली. "त्याचं तोंड सांग."

खुशबूचे हात कीबोर्डवर तयार होते. भाऊ गल्ल्याजवळ उभे होते. मला आणखी एखादी थाप सुचली असती, पण सोमारी माझ्या ओठांकडे बघत होती.

"खुशबू नाई विसरली," मी म्हटलं. "तिनं विचारलं होतं मले. मीच लपवून ठेवला होता. इले सापडू नाई म्हणून."

खुशबूनं मान खाली घातली. सोमारीला यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं भाऊंकडे पाहिलं नाही, खुशबूकडेही नाही.

"मंग आता भेटन काय फोटो?" तिनं मलाच विचारलं.

"नाई," मी म्हटलं.

तिनं प्रिंट टेबलावर ठेवली, कार्ड पुन्हा पदराला बांधलं आणि गाठोडं डोक्यावर द्यायला खुशबूला हाक मारली.