रस्त्याच्या टोकाशी उभी असलेली मुलगी

शाळेला निघताना आईची रोजची सूचना असे, "टोपी घाल गं, आधीच काय कमी काळी आहेस!" ती हे लाडानेच म्हणे. छोटी मुकाट्याने टोपी घाली. तिची ताई गोरी होती. पाहुणे दोघींकडे आळीपाळीने बघत आणि विचारत, "ही धाकटी कुणावर गेली?" सगळे हसत. आईही हसे. तुमच्या-आमच्या घरांत याला वाईट बोलणं म्हणतच नाहीत!

एका शनिवारी दवाखान्यातली ड्यूटी संपवून आई छोटीला आणायला चित्रकलेच्या वर्गात गेली. मुलं हात धुवायला गेली होती. बाकांवर वर्तमानपत्रं अंथरलेली, त्यांवर तेलखडूंचे तुकडे पडलेले. बाईंनी तिला बसवून घेतलं आणि छोटीचं चित्र पुढे ठेवलं.

लांब जाणारा रस्ता; दुतर्फा घरं, पुढे पुढे लहान होत गेलेली. भिंतींवरच्या सावल्या बोटाने घासून मऊ केलेल्या. अगदी समोर आई, बाबा, ताई. आणि रस्ता जिथे संपतो तिथे मुंगीएवढी एक आकृती.

"ही कोण?" आईने विचारलं.

"तुमची छोटी. दूरचं लहान दिसतं, हे मीच शिकवलं. पण तू एवढ्या लांब का, असं विचारलं तर म्हणाली, लांब उभं राहिलं की रंग कळत नाही."

आईने चित्र जवळ ओढून ती आकृती पुन्हा पाहिली. तरी ती सावरून म्हणाली, "अहो, आम्ही तिला कधी बोटसुद्धा लावलं नाही. थट्टेत बोलतो, एवढंच. उद्या लोक बोलणारच, सवय नको का व्हायला?"

"लोक बोलतील म्हणून आपणच आधी बोलायचं?" बाईंचा आवाज चढला नाही, पण धार आली. "बाहेर कुणी टोचून बोललं, तर तिने रडत यायचं कुणाकडे?"

दिवसभर परक्यांच्या जखमा हलक्या हाताने धुणारी परिचारिका होती आई. आणि घरात मात्र तिचाच शब्द रोज लेकीला सोलत होता! हात धुऊन परतलेल्या छोटीने बाईंचं शेवटचं बोलणं दारातून ऐकलं होतं; घरी जाताना आईने तिचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी आत्या दोन फ्रॉक घेऊन आली. "पिवळा ताईला. छोटीला कुठला पिवळा खुलायला!" असं म्हणून ती हसली.

"वन्सं, बास!" आई म्हणाली. "माझ्या लेकीच्या रंगावर या घरात यापुढे कुणी बोलायचं नाही. आजवर मीच बोलत आले, माझं चुकलं!"

आत्या फणकाऱ्याने निघून गेली. छोटी दाराशीच उभी होती.

"बाईंनी सांगितलं म्हणून म्हणालीस ना?" तिने विचारलं.

आईला खोटं बोलवेना. "त्यांनी सांगेपर्यंत मला कळलं नव्हतं, बाळा. पण आता मनापासून म्हणतेय."

छोटीने बराच वेळ तिचा चेहरा न्याहाळला. विश्वास बसला असं नाही. मग हळूच येऊन ती आईला टेकून बसली.

वाचकहो, रंगाची थट्टा आपण हसून विसरतो. मूल ती विसरत नाही, ते आपल्यापासून एकेक पाऊल दूर सरकतं. ते फार लांब जाण्याआधी आपली जीभ आवरूया!