मुठीची पारख

रक्त आधी मला दिसलं, ह्यांना नाही.

सकाळचा नेम आटोपून मी मागच्या दाराने बाहेर आले. हे ओंडक्यावर बसून काठी सोलत होते. पायाशी पांढऱ्या सालपटांचा ढीग, आणि त्यात काही सालपटं लाल. "अहो, हात!" म्हटलं, तर हे सुरी धरलेल्या उजव्या हाताकडे बघायला लागले. कापला होता डावा, अंगठ्याच्या बुडाशी, चांगला खोल.

"कधी लागलं?" ह्यांनीच मला विचारलं.

आमचे हे लोकांना जंगलात राहायला शिकवतात. ऑफिसातली माणसं येतात आणि एक सुरी, थोडी दोरी एवढ्यावर निवारा कसा करायचा, ओल्या लाकडातून कोरडा गाभा काढून जाळ कसा धरायचा, हे शिकून जातात. हिवाळा सरला की शिबिर सुरू होतं. त्याच्या आधी हे एकटेच पुढे जाऊन जागा तयार करतात. तिथे फोन लागत नाही. हाक मारली तर ओ द्यायला झाडंच.

ह्यांचं दुखणं नसांचं आहे, ते रक्त दिसायच्या आधीच कळलं होतं. बोटांच्या टोकांपासून बधिरपणा सुरू होतो आणि वर चढत जातो, दोन्ही हातांना. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, आडपडदा ठेवला नाही त्यांनी. म्हणाल्या, "आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू. गेलंय ते परत आणता येत नाही." ह्यांनी समजल्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन सुरीची मूठ कानशीने घासायला घेतली. दोष म्हणे मुठीचा. फार गुळगुळीत झाली आहे, हाताला लागत नाही. घासून ती बारीक झाली, म्हणून तिच्यावर सुतळी गुंडाळली, सुतळीवर चामड्याची पट्टी.

भाऊजींनी ती बघितली आणि म्हणाले, "दादा, ही सुरी आहे की प्लॅस्टरमधला पाय?"

भाऊजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. गाड्या दुरुस्त करतात. गाडीचं इंजिन बंद पडेल, त्यांचं तोंड नाही. रक्त दिसलं त्या दिवशी मीच त्यांना बोलावून घेतलं होतं. जंगलात एकटं जाण्यावरून दोघा भावांचं खूप वाजलं. मी पट्टी बांधत होते आणि ह्यांना ती घट्ट होतेय की सैल, हे माझ्या तोंडाकडे बघून ठरवावं लागत होतं.

शेवटी हे म्हणाले, "हाताने सुऱ्या घडवणारे लोक आहेत. हाताच्या मापाची मूठ करून देतात. तशी एक मिळाली की मी जाणार."

"आणि नाही मिळाली तर?" भाऊजींनी विचारलं.

"नाही मिळाली तर नाही जाणार. झालं समाधान?"

"वहिनी, ऐकलंत ना? तुम्ही साक्षीदार. आमच्या कोर्टापुढे शब्द दिलाय ह्याने."

मला ते 'कोर्ट' म्हणतात. रोज सकाळी देवापुढे मी एकच मागते, आज तोंडून खोटं जाऊ नये. त्याची घरात थट्टा होते, होऊ दे. पण त्या दिवसापासून देवापुढे बसलं की काय मागावं तेच कळेना. सुरी मिळू दे म्हणावं, तर डोळ्यांपुढे लाल सालपटं येत. मिळू नये म्हणावं, तर घरात खुर्चीवर बसून राहिलेले हे दिसत. मग नुसतीच बसायची. दिवा आपला जळत राहायचा.

पहिला कारागीर दाढीवाला तरुण होता. काचेचं दुकान, खाली मखमल, वर पिवळे दिवे. पोलादाच्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. मुठी निळ्या-जांभळ्या, आत सोनेरी चुरा.

"ही सुरी आहे की नवरीची चप्पल?" भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटले. मला हसू आलं. ह्यांनाही आलं. त्या दिवसांत ह्यांना मनापासून हसताना पाहिलं ते तेवढंच.

हे म्हणाले, "हिने लाकूड चिरता येईल का? पात्याच्या पाठीवर दुसऱ्या काठीने ठोकून?"

तो पोरगा दचकलाच. "काका, ही भिंतीवर लावायची असते."

दुसरा कारागीर एका इमारतीच्या तळघरात राहायचा. आधी कारखान्यात इंजिनियर होता. खोलीभर भट्टीचे काटे, तापमानाचे आकडे. पोलादाला पाणी कसं दिलं, किती तापवलं, पातं किती कडक ठेवलं, हे तो लेकराचं कौतुक सांगावं तसं सांगत होता. ह्यांनी सगळं मन लावून ऐकलं. मधेच दोन प्रश्न असे विचारले की तो खुर्ची ओढून समोर येऊन बसला. त्या माणसाच्या लक्षात आलं असावं, हे गिऱ्हाईक वेगळं आहे. मला वाटलं, इथेच जमणार.

त्याने एक मूठ पुढे केली. तिला बोटांसाठी खोबणी होत्या. ह्यांची बोटं एकेक करून खोबणीत गेली. "वा," हे म्हणाले. पण बोटं बसली की नाही, हे बघायला ह्यांनी मान खाली घातली होती. ते मी पाहिलं. भाऊजींनीही पाहिलं, कारण ते गप्प झाले.

मग ह्यांनीच ती मूठ परत ठेवली. "सुंदर आहे. पण खोबणीची मूठ एकाच पकडीला बांधून ठेवते. लाकूड सोलताना पकड बदलते, कधी अंगठा पाठीवर, कधी पातं छातीकडे. चुकीच्या पकडीत ह्याच खोबणी हाताला फोड आणतील."

इंजिनियर म्हणाला, "बरोबर आहे तुमचं." आणि एक पत्ता दिला. "तिथे एक जोडपं आहे. पाती तो घडवतो, मुठी ती बसवते. मुठीसाठी मीही त्या बाईंकडेच जातो. फक्त, त्या सरसकट कुणालाही विकत नाहीत."

"का?"

"आधी हात तपासतात."

परत येताना हे खुशीत होते. म्हणाले, "बघ, अशी माणसं पाहिजेत. त्यांना कळेल मुठीत काय चुकतंय."

त्या जोडप्याचं काम घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चालायचं. दाराशी भट्टी, जळक्या तेलाचा वास, आणि आत फळीवर ओळीने मांडलेल्या लाकडी मुठी. प्रत्येक मुठीत पात्याच्या जागी लोखंडाची बोथट पट्टी, धारेच्या बाजूला खूण केलेली. लोहारदादांना घणाच्या आवाजाने ऐकू येईनासं झालं होतं. ते आम्हाला बघून हसले आणि पुन्हा भट्टीकडे वळले. बोलायचं काम बाईंचं.

"या मुठींवर पारख करते मी," बाई म्हणाल्या. "दादा, तुम्ही उभं राहायचं, डोळे मिटायचे. मी मागून हातात मूठ देणार, कशीही, उलटी-सुलटी. तुम्ही ती हातातल्या हातात फिरवायची. धार जमिनीकडे आली असं वाटलं की 'आता' म्हणायचं. बास. अंधारात, पावसात, थकल्यावर, धार कुठे आहे हे मुठीने हाताला सांगायला पाहिजे. नाही सांगितलं तर ती मूठ कसली, दांडकं ते."

"आणि डोळ्यांवर फडकं?" भाऊजींनी विचारलं.

"फडकं नाही. फडकं बांधलं की माणूस घाबरून मूठ आवळतो, आणि आवळलेल्या हाताची पारख होत नाही. समोर घरचं माणूस बसवते मी. ताई, तुम्ही बसा. ह्यांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवायचं, एवढंच."

मी स्टुलावर बसले.

"आधी मी!" म्हणत भाऊजी पुढे झाले. डोळे मिटले. बाईंनी मूठ उलटी दिली. भाऊजींनी मनगट हलवलं न हलवलं, आणि म्हणाले, "आता! हॅ, हे तर कुणालाही येईल."

म्हणाले मात्र, आणि चेहरा उतरला त्यांचा. ह्यांच्याकडे न बघता बाजूला जाऊन भिंतीवरच्या सांडश्या मोजल्यासारखं करू लागले.

हे उभे राहिले. शाळेच्या प्रार्थनेला राहावं तसे ताठ. डोळे मिटले. बाईंनी पहिली मूठ दिली. ह्यांनी ती फिरवली. थांबले. पुन्हा फिरवली. "आता."

पट्टीची धारेची बाजू आभाळाकडे होती.

बाईंनी दुसरी दिली, अंड्यासारखी लांबट, खालच्या अंगाला फुगीर. ह्यांनी ओठ घट्ट मिटले. फिरवली. "आता." धार आडवी, माझ्याकडे.

बाई फळीपर्यंत गेल्या, बराच वेळ शोधून एक जाड मूठ घेऊन आल्या. तिच्या पोटाला माशाच्या पाठीसारखा उंचवटा होता. "ही एका मच्छीमारासाठी केली होती. गारठ्याने बोटं बधिर व्हायची त्याची," म्हणाल्या, आणि हातात दिली.

ह्यांनी फिरवली. आणि मी ह्यांच्या डोळ्यांकडे बघत होते, म्हणून मला दिसलं. पापण्या केसभर उचलल्या गेल्या. नजर खाली गेली, परत आली. जंगलात मान न हलवता पाखरू टिपतात ना हे, तसंच.

"आता."

धार बरोबर जमिनीकडे.

"बसली!" बाईंचा चेहरा उजळला. भाऊजींनी टाळी वाजवली. "दादा, जिंकलास!" लोहारदादांनीही तिकडून हात वर केला. बाईंनी खडू उचलला, लाकडाचा एक ठोकळा पुढे ओढला, आणि माप काढता काढता, नेहमी विचारतात तशा सहज म्हणाल्या, "ताई, डोळे मिटलेले होते ना?"

हे माझ्याकडे बघत होते. ह्यांनी मला आजवर धाक घातला नाही, तेव्हाही नजरेत धाक नव्हता. विनवणी होती. ती कुठे ठेवावी मला कळेना.

मला ती जागा दिसली, जिथे झाडांशिवाय कुणी ओ देत नाही. ओंडक्यावर बसलेले हे दिसले, लाल सालपटांत पाय सोडून, आपल्याला काही झालंय हे माहीतच नसलेले.

"नाही," मी म्हणाले.

माझा आवाज मुळातच बारीक, त्यात भट्टीचा घूं घूं. बाई खडू चालवतच राहिल्या. "काय म्हणालात, ताई?"

दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. "नाही. उघडले होते त्यांनी."

खडू थांबला. भाऊजींचे टाळी वाजवलेले हात तसेच एकमेकांत राहिले.

हे चिडतील असं वाटलं होतं. चिडले असते तर बरं झालं असतं. हे बाईंना म्हणाले, "पुन्हा द्या. तीच द्या."

ह्या वेळी डोळे इतके घट्ट मिटले की कपाळाला आठ्या पडल्या. मूठ हातात आली. हे ती फिरवू लागले. एक फेरा, दुसरा, उलटा, परत सुलटा. ज्या हातांनी काठीवरून कागदासारखी पातळ कुरळी सालं उतरवलेली मी पाहिली आहेत, ते हात एखादं अनोळखी यंत्र चाचपावं तसे त्या लाकडाभोवती चालले होते. कुणी पुरे म्हणेना. बाईही म्हणेनात. शेवटी हे थांबले.

"आता?"

ते विचारत होते. आम्हाला सगळ्यांना विचारत होते, डोळे मिटलेलेच ठेवून.

धार ह्यांच्या स्वतःच्या मनगटाकडे होती. मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं ते एकदा बोलून झालं होतं.

बाईंनी मूठ अलगद काढून घेतली. काढून घेतली हेही ह्यांना लगेच कळलं नाही. बोटं रिकामीच मिटलेली राहिली.

"अजून जाड करता येईल?" डोळे उघडून ह्यांनी विचारलं.

"येईल. पण दादा, हाताने ऐकायला पाहिजे..." एवढं बोलून बाईंची नजर नवऱ्याकडे गेली, आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं.

"कडा ठेवा मग. टोकदार कडा. टोचली तरी चालेल मला."

"टोचलेलं कळेल का?"

बाईंनी ठोकळ्यावरचं खडूचं माप ओल्या बोटाने पुसलं. "मी नाही देऊ शकत," म्हणाल्या. "दुसरीकडे मिळेल. माझ्या हातून नको."

लोहारदादांना वाटलं सौदा झाला. ते उठून आले, हसत हसत ह्यांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. हे त्यांच्याकडे बघून हसले. नमस्कार करून आम्ही निघालो.

गाडीत भाऊजी पुढे, आम्ही दोघं मागे. फाटक ओलांडल्यावर हे म्हणाले, "शिबिरवाल्यांना फोन करून सांग. दुसरं कुणी बघा म्हणावं." फोन मी करायचा की भाऊजींनी, ते सांगितलं नाही. "बरं," दोघंही एकदम म्हणालो.

भाऊजींनी आरशातून मागे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि गाणी लावली. लगेच बंदही केली.

मी हात पुढे करून ह्यांचा हात धरला. हे बाहेर बघत होते. रस्त्याकडेची दुकानं गेली, पेट्रोलपंप गेला, पुलाचे कठडे गेले. ह्यांनी हात सोडवला नाही, म्हणून मला वाटलं, रागावले नाहीत. मी देवाचं नाव घेतलं आणि हात जरा आणखी घट्ट धरला.

खूप वेळाने, खिडकीची काच खाली करू का, असं विचारायला ह्यांनी मान वळवली, आणि नजर सीटवर आमच्या हातांवर पडली. हे बघतच राहिले.

"कधीपासून धरलायस?"

"निघाल्यापासून," मी म्हणाले.