पितळेचे दोन खिळे

कोणीच पाहिले नसेल, तर चूक घडलीच नाही असे तुम्ही मानता का? घाईने उत्तर देऊ नका. पंचाण्णव वर्षे मी पाणी आणि माणसे पाहते आहे. या प्रश्नाचे उत्तर मला दोनदा मिळाले.

मी कॉन्स्टन्स, शर्यतीची नौका. माझा जन्म १९३० साली व्हँकुव्हरच्या खाडीकाठी, एका लहान कारखान्यात झाला. बरगड्या ओकच्या, फळ्या पिवळ्या सीडरच्या आणि तळाशी शिसे. माणसाला तोल सांभाळायला धर्म लागतो. माझे शिशावर भागते.

माझे पहिले धनी फिनले. लाकडाच्या गिरणीचे मालक, चर्चला नेमाने जाणारे, हसण्यात काटकसर करणारे. दोन महायुद्धांच्या मधला तो काळ. शहरात माणसे कामासाठी रांगा लावत, आणि शनिवारी काही थोडे लोक पांढऱ्या विजारी घालून वाऱ्याची वाट पाहत. मी त्या थोड्यांची होते, तेव्हा अधिक बोलत नाही.

फिनलेंना एकच हाव होती, खाडीचा चषक. चार वर्षे त्याने हुलकावणी दिली. पाचव्या वर्षी, १९३४ साली, मी सर्वांच्या पुढे होते. शर्यतीचा मार्ग पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनी आखतात. त्यांना मार्क म्हणतात. मार्कला वळसा घालायचा, शिवायचे नाही. शेवटच्या मार्कशी धुके होते आणि माझी डावी कूस त्याला लागली. दार हळूच लोटावे एवढाच आवाज झाला. कोणी पाहिले नाही. एक सीगल होता, पण त्याला क्लबात मत नव्हते.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे मार्कला शिवणाऱ्याने स्वतःहून माघार घ्यायची. फिनलेंनी आपले निशाण उतरवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कठड्यावर, लागले त्या जागी, पितळेचा एक खिळा ठोकला. सुकाणू धरणाऱ्याचा मोकळा हात नेमका तिथे पडतो. चषक त्यांना पुढेही कधी मिळाला नाही.

मग युद्ध आले आणि मला शेडमध्ये ठेवले. नंतरच्या एका धन्याने माझी डोलकाठी कापून डेकवर टोमॅटोच्या कुंड्या मांडल्या. त्याच्यानंतर बावीस वर्षे मी कोक्विटलामच्या नदीकाठी निळ्या ताडपत्रीखाली होते. पोटात रॅकूनचे कुटुंब राहत असे. त्यांची तक्रार नाही. त्यांनी मला कुरतडले, फसवले नाही.

तिथे मला बळवंतराव सापडले. ते म्हणतात, मी त्यांना सापडले. मूळचे नागपूरचे, १९७५ साली इंजिनिअर म्हणून इकडे आलेले, बर्नाबीत घर केलेले. निवृत्तीनंतर सहा हिवाळे ते माझ्या फळ्या घासत होते.

"शीला, ही बोट नाही, तपश्चर्या आहे," ते पत्नीला म्हणाले.

"तपश्चर्येला लोक अरण्यात जायचे, अहो. तुम्ही माझं बेसमेंट अडवलंय. नवी डोलकाठी लाँड्रीपर्यंत आलीये."

शीलाबाई असे बोलत, आणि मग स्वतःच हातात सँडपेपर घेत. पुढच्या शिडाचा दोर, ज्याला शीट म्हणतात, सांभाळायला त्या शिकल्या. बळवंतराव सुकाणू सांभाळत त्याहून बऱ्याच चांगल्या. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. तेही बोलले नाहीत. कारण निराळे होते.

फिनलेंची गोष्ट बळवंतरावांना क्लबातल्या एका वृद्धाकडून कळली होती. कोणी पाहुणा आला की ते खिळ्यावर बोट ठेवत. "पाहिलंत? याला म्हणतात कॅरेक्टर! कोणी पाहिलं नाही, तरी माणसानं विड्रॉ केलं. आता अशी माणसं कुठे?" त्यांचे डोळे भरून येत. दुसऱ्याच्या सत्यावर माणसाचे डोळे लवकर भरतात.

जुन्या नौकांसाठी तो चषक आजही आहे. बळवंतराव एकदा तिसरे आले, दोनदा दुसरे. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितले, थंडीत गुडघ्याचे ऑपरेशन, त्यानंतर सुकाणू नाही. म्हणजे सप्टेंबरची शर्यत शेवटची. त्यांनी नवस बोलला: जिंकलो तर बोटीवरच सत्यनारायण. देवाला त्यांनी विचारले नव्हते. नवसात तशी पद्धत नाही.

त्या दिवशी धुके होते. मी पुढे होते. शेवटच्या मार्कशी त्यांनी वळण फार जवळून घेतले, आणि माझी तीच कूस त्याच जागी लागली. मार्क आता रबरी आणि नारिंगी असतो. तो चुर्रकन ओरडला.

"अहो, लागलं," शीलाबाई म्हणाल्या.

"काय?"

"मार्कला. टर्न घ्या."

"लाट होती गं ती! तू शीट ओढ आधी!"

पुढे मोठ्या शिडाआड शेजारचा जयदीप होता. "काका, काय झालं?"

"काही नाही! तू पुढे बघ!"

नियम आता सौम्य झाला आहे. माघार नको, जागच्या जागी एक गिरकी घ्यायची आणि पुढे जायचे. स्वतःभोवती एक प्रदक्षिणा. बळवंतराव देवळात दर शनिवारी अकरा घालतात. त्यांचा डावा तळहात तेव्हा खिळ्यावर होता. त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

अकरा सेकंदांनी आम्ही जिंकलो. गिरकीला वीस लागतात.

"काका, वी डिड इट!" जयदीप नाचला. शीलाबाई दोर गुंडाळत राहिल्या.

पुढच्या रविवारी माझ्या डेकवर चौरंग मांडला. केळीचे खुंट इंडियन ग्रोसरीतून आले. धक्क्यावर ज्योत लावायला बंदी, म्हणून समई बॅटरीची. सव्वाच्या मापाचा शिरा, आणि चौरंगाशेजारी चषक, त्यालाही कुंकू. गुरुजी म्हणजे तरुण गुरुदत्त, सोमवार ते शुक्रवार तो बर्नाबीत सॉफ्टवेअर लिहितो. पंधरावीस मराठी माणसे धक्क्यावर घडीच्या खुर्च्यांवर बसली होती.

संकल्पाची वेळ आली. यजमानाने हातात पाणी घ्यायचे आणि पत्नीने त्या हाताला हात लावायचा. बळवंतरावांनी पाणी घेतले. शीलाबाईंचे दोन्ही हात मांडीवरच राहिले.

"काकू, काकांच्या हाताला हात लावा," गुरुदत्त म्हणाला.

"नाही लावत."

"गुडघा दुखतोय का, काकू? खुर्ची देऊ?"

"गुडघा ह्यांचा दुखतो. गुरुजी, पूजा कोणाची आहे?"

"सत्यनारायणाची."

"मग त्याच्यासमोर खोट्याला हात कसा लावू?" त्या नवऱ्याकडे वळल्या. "अहो, त्या दिवशी मार्कला लागलं होतं की नाही, तेवढं सांगा. लगेच लावते."

"शीला, लोक बसलेत. घरी बोलू."

"चषक लोकांपुढेच मांडलाय ना?"

"काकू, सीरियसली?" जयदीप पुटपुटला. गुरुदत्तने पोथीची दोन पाने उलटली. अशा प्रसंगाचा मंत्र तीत नव्हता. बळवंतरावांच्या बोटांतून पाणी माझ्या डेकवर गळत होते. आधारासाठी त्यांनी डावा हात कठड्यावर टेकला. तो टेकतो तिथेच टेकला.

"लागलं होतं," ते म्हणाले. "मला माहीत होतं." मग म्हणाले, "शेवटची शर्यत होती गं."

"म्हणून तर," शीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात लावला.

गुरुदत्तने घसा साफ केला. "काका, संकल्प बदलावा लागेल. मी विजयाचा धरला होता."

"क्षमेचा धर," बळवंतराव म्हणाले. पळीभर पाणी त्यांनी पुन्हा घेतले.

पूजा यथासांग झाली. शिरा कणभरही उरला नाही. दुसऱ्याच्या कबुलीने माणसांना भूक लागते. प्रसाद झाल्यावर बळवंतराव चषक घेऊन, त्यावरचे कुंकू न पुसता, लंगडत क्लबाच्या कचेरीत गेले. सोबत कोणाला येऊ दिले नाही.

मी आज धडधाकट आहे. फळ्यांना वार्निश आहे, शिडे नवी आहेत, आणि सुकाणू शीलाबाईंच्या हातात आहे. तुम्ही कधी धक्क्यावर आलात तर माझ्या कठड्यावर हात ठेवा. तिथे आता पितळेचे दोन खिळे आहेत. दुसरा बळवंतरावांनी स्वतः ठोकला. त्याची गोष्ट ते पाहुण्यांना सांगतात. डोळे आता भरून येत नाहीत. कान लाल होतात.

क्लबाने निकाल रद्द केला आणि चषक दुसऱ्या नौकेला दिला. एवढ्यावर सुटका झाली नाही. या क्लबाची जुनी रीत आहे: जो मार्कचा स्पर्श लपवतो, त्याने दोन हंगाम मार्क राखावा. म्हणून प्रत्येक शर्यतीला बळवंतराव, गुडघा नवा आणि रेनकोट जुना, शेवटच्या मार्कशी नांगरलेल्या डिंगीत, म्हणजे लहानशा होडीत, एकटे बसतात आणि कोण शिवले ते कागदावर लिहितात. मी जवळून वळले की शीलाबाई मुद्दाम ओरडून विचारतात, "अहो, लागलं का?" आणि त्यांना पावसात उभे राहून, सर्व नौकांना ऐकू जाईल अशा आवाजात, खरे तेच सांगावे लागते.