पुसलेल्या ओळी

"काका, तुमच्या या जुन्या डेटाबेस टूलला आता काही भवितव्य आहे का हो?" नव्या प्रणालीवाल्या इंजिनिअर बाईंनी विचारलं आणि माझं डोकं सटकलं. तेवीस वर्षं या दवाखान्यातल्या रुग्णांच्या नोंदी मी लिहिलेल्या प्रोग्रॅमने सांभाळल्या. आज सकाळी त्या नव्या प्रणालीत गेल्या आणि माझं मशीन दारात भंगारवाल्याची वाट बघत बसलं.

"भवितव्य राहू द्या. नोंदी सगळ्या नीट उचलल्यात ना, तेवढं सांगा."

"एकूण एक! उलट तुमच्या स्क्रीनवर दिसायच्या त्यापेक्षा चारशे बारा जास्तच मिळाल्या."

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

नोंद चुकली की ती ओळ पुसायची आणि नवी लिहायची, ही आमची पद्धत. पण माझ्या टूलमध्ये पुसलेली ओळ जात नाही. तिच्यावर फक्त खूण पडते आणि प्रोग्रॅम ती लपवतो. ती कायमची काढायची आज्ञा वेगळी. एकदा ती दिली, मधेच वीज गेली आणि अर्धी फाइल मातीत गेली. दुधाने तोंड पोळलं, म्हणून पुन्हा त्या वाटेला गेलोच नाही. आता त्या पुसलेल्या ओळीही खऱ्या नोंदी म्हणून नव्या प्रणालीत गेल्या होत्या.

त्या चारशे बारांत एक ओळ माझ्या ताईची होती.

आईमागे मला वाढवलं ती ताई. पहाटे तापात बेशुद्ध झाली, म्हणून वरच्या वॉर्डात आणली होती. तिच्या नोंदीत मी आधी चुकून 'ॲलर्जी नाही' लिहिलं होतं. मग ती ओळ पुसून 'पेनिसिलिन चालत नाही' अशी नवी केली. सकाळी सिस्टरना हे तोंडाने सांगितलंसुद्धा नाही. नोंद आहे की, माझ्या हातची! केवढा माज.

काय झालं ते बाईंना ओरडून सांगतच मी जिना चढलो. सिस्टर सिरिंज भरून ताईच्या कॉटशी उभ्या होत्या.

"थांबा! तिला पेनिसिलिन चालत नाही!"

"स्क्रीनवर तर पहिलीच ओळ 'ॲलर्जी नाही' आहे," सिस्टर म्हणाल्या, पण हात मागे घेतला. "तुम्ही भाऊ ना? मग सकाळी बोलला का नाहीत?"

ताईच्या छातीवरची चादर वर-खाली होत होती, तेवढंच बघत राहिलो.

बाई धापा टाकत मागे आल्या. "काका, बाकीच्या पुसलेल्या ओळी कोणत्या ते कळतच नाहीये. ओळी आल्या, खुणा आल्याच नाहीत."

सिस्टरनी ट्रेकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"सकाळपासून नऊ जणांना हेच इंजेक्शन दिलंय हो."

त्या नऊ जणांत खोटी नोंद कुणाची, हे फक्त माझ्या मशीनला ठाऊक होतं. मी खिडकीतून खाली पाहिलं. ते टेम्पोत चढलं होतं आणि टेम्पो सुरू झाला होता.

"थांबवा!" मी किंचाळलो. खाली कुणी वर पाहिलं नाही.

इंजिनिअर बाईंनी चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणीच जिन्याकडे धाव घेतली.