बेसिनशेजारी उभी असलेली आई

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नाही आणि सायकलचाही नाही. आईचं दूध काढून बाटलीत भरणारा विजेवरचा पंप. आता तुमच्यातले काही जण हसतील, काही इकडेतिकडे बघतील. खुशाल बघा. बाळ बघायला आवडतं पण बाळ काय पितं ते बघवत नाही, अशा माणसांतच माझं आयुष्य गेलं.

माझा जन्म अमेरिकेतल्या एका कारखान्यात झाला. न्यू जर्सीतल्या एका औषधांच्या दुकानाने मला भाड्याने देण्यासाठी विकत घेतलं. नळ्या आणि बाटल्या प्रत्येक आईच्या स्वतःच्या, नव्याकोऱ्या. मी तेवढा सगळ्यांचा. जुळ्यांची आई माझ्याजवळ बसून रडली. स्कूलबस चालवणारी एक बाई माझ्याजवळ बसल्या बसल्या घोरायला लागली. घुर्र-खट, घुर्र-खट हा माझा आवाज सुरुवातीला प्रत्येकीला नकोसा व्हायचा, पण परत देताना प्रत्येक बाई मला ओल्या फडक्याने पुसून द्यायची. हॉस्पिटलातल्या नर्सबाई म्हणायच्या, हे मशीन कधी दगा देत नाही. खरं होतं ते. दगा दिला तो माणसांनी.

२००४ साली, बर्फ वितळायच्या सुमारास, मी न्यू जर्सीतल्याच पार्सिपनी गावात चैत्रालीच्या घरी गेलो. चैत्राली मूळची नाशिकची, एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करणारी. तिचा नवरा प्रथमेश रोज बसने मॅनहॅटनला नोकरीला जायचा. त्यांची मुलगी सलोनी दिवस भरण्याआधीच जन्मली होती. दोन घोट ओढले की ती दमायची आणि झोपून जायची. डॉक्टर म्हणाले, तिला ताकद येईपर्यंत दूध पंपाने काढा आणि बाटलीने पाजा. म्हणून मला आणलं.

बाळंतपणाला चैत्रालीच्या आई, अहिल्याबाई, येणार होत्या. अहिल्याबाईंनी डिंक, आळीव, बाळंतशेपा सगळं बांधून ठेवलं होतं. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत खिडकीवरच्या माणसाने त्यांना व्हिसा नाकारला. का, ते सांगितलं नाही. मग त्या फोनवरून विचारायच्या, "आळीव भिजत घातलेस का? डोक्याला बांधतेस ना?" चैत्राली म्हणायची, "हो आई." घरात आळीव नव्हते. डोक्याला बांधायला उसंत नव्हती. ती सिझेरियनच्या टाक्यांवर उशी दाबून बसायची आणि मी माझं काम करायचो.

मग बाळ बघायला माणसं येऊ लागली. सगळी आपली, मराठी मंडळातली. सलोनीच्या दुप्पट मापाचे फ्रॉक घेऊन आली. चैत्रालीचा मॅनेजर श्रीरंग आणि त्याची बायको वीणा हेही आले. ही दोघं तीस वर्षांपूर्वी अमेरिकेत आलेली. मंडळात सगळे त्यांना काका-काकू म्हणत. सगळ्यांनी सोफ्यावर बसून चहा घेतला. तो कोणी केला असेल? बाळंतिणीने. ओट्याला धरून उभी राहून तिने आठ कप चहा केला आणि वर चिवडाही काढला.

एका बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "अंगावरचं पुरत नाही वाटतं? आमच्या वेळी नव्हती बाई असली मशिनं."

दुसऱ्या म्हणाल्या, "टेन्शन घेऊ नको हं, टेन्शनने दूध आटतं."

असं म्हणून त्या उठल्या. कप तिथेच राहिले. माझ्या मोटरमध्ये तेव्हा जे तापलं ते अजून निवलेलं नाही.

रजा संपली आणि चैत्राली कामावर गेली. सलोनीला सांभाळायला शेजारच्या एक मावशी मिळाल्या. मला पिशवीत घालून चैत्राली रोज ऑफिसला न्यायची. मी जड आहे, तिच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठायचा. पहिल्याच दिवशी तिने श्रीरंगला विचारलं, "मला दिवसातून दोनदा एखादी रूम मिळेल का? दार बंद होणारी, बस."

श्रीरंग म्हणाला, "कॉन्फरन्स रूम क्लायंटसाठी असते गं. एकीला दिली की सगळ्या मागतील. कायद्यातही तसं काही नाहीये इथे. बघ ना, बाथरूममध्ये ॲडजस्ट होतंय का."

बाथरूममध्ये प्लग फक्त बेसिनजवळ होता. त्यामुळे आत कडी लावून बसायचीही सोय नव्हती. ती बेसिनशेजारी भिंतीकडे तोंड करून, खांद्यावर ओढणी टाकून उभी राहायची. पाठीमागे बायका हात धुवायच्या, लिपस्टिक लावायच्या, माझा आवाज ऐकून थबकायच्या. "हे घरी नाही का करता येत?" असंही एकीने विचारलं. मित्रांनो, तुमचा डबा तुम्हाला कोणी संडासात भरून दिला तर खाल का? सलोनीचा डबा तिथे भरला जात होता.

भरलेल्या बाटल्या चैत्राली ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवायची. श्रीरंगने तिला बोलावून घेतलं.

"अगं, लोक अनकम्फर्टेबल होतात. तिथे सगळ्यांचं लंच असतं."

"माझ्या मुलीचंही लंचच आहे ते," चैत्राली म्हणाली.

तो हसला. तिने विनोद केला असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दूध ओतून दिलेलं होतं. कोणी ओतलं ते कळलं नाही. बाटल्या मात्र स्वच्छ धुऊन ओट्यावर उपड्या ठेवल्या होत्या. ती स्वच्छता मला आजही सहन होत नाही. फेकणाऱ्याला आपण काही वाईट केलं असं वाटलंच नव्हतं. चैत्रालीने बाटल्या माझ्याशेजारी पिशवीत ठेवल्या आणि जागेवर जाऊन काम करत बसली. संध्याकाळी सलोनीला पावडरचं दूध दिलं. पावडर म्हणजे विष नव्हे, त्यावर कितीतरी बाळं छान वाढतात. पण ते आईने ठरवायला हवं होतं. ऑफिसच्या फ्रिजपाशी कोणा तिऱ्हाइताने नव्हे.

पुढच्याच आठवड्यात एक मोठी मीटिंग होती. सकाळी सुरू झाली ती दुपार टळली तरी संपेना. चैत्रालीने दोनदा उठायचा प्रयत्न केला. श्रीरंगने दोन्ही वेळा हातानेच "बस" अशी खूण केली. मी टेबलाखाली तिच्या पायांशी पिशवीत पडून होतो. दूध साचून तिच्या छातीत दगडासारखी गाठ झाली. दुसऱ्या दिवशी ती तापाने फणफणली. इतकी थंडी भरली की प्रथमेशने घातलेल्या दोन दुलयांखालीही तिचे दात वाजत होते. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि सांगितलं, दूध साचू देऊ नका, काढत राहा. मला लावलं की ती ओठ दाताखाली दाबायची. तिला दुखतंय हे कळूनही मला थांबता येत नव्हतं.

शनिवारी श्रीरंग आणि वीणा तिला भेटायला आले. श्रीरंग खुर्चीवर टेकला. "इतकं बरं नव्हतं तर सांगायचंस. आपलीच माणसं आहोत आपण."

चैत्राली गादीवर उठून बसली. तिचा आवाज चढला नाही.

"ऑफिसात मी तुम्हाला श्रीरंग म्हणते, घरी काका म्हणते. आज कोण आलंय? काका आले असतील तर सांगते. तुमच्या ऑफिसात मी संडासाच्या बेसिनपाशी उभी राहून दूध काढते. ते दूध कोणीतरी ओतून दिलं. परवा मी मीटिंगमधून दोनदा उठत होते. तुम्ही मला हाताने खाली बसवलंत. म्हणून हा ताप आहे."

श्रीरंग म्हणाला, "मला काय कल्पना, हे इतकं..."

"मी सांगितलं होतं," चैत्राली म्हणाली. "तुम्ही हसलात."

 वीणाने पर्स बाजूला ठेवली आणि बाह्या वर सारल्या. "मीही त्या दिवशी हिच्या हातचा चहा पिऊन गेले होते," ती नवऱ्याला म्हणाली. "मला आपल्या निहारच्या बाळंतपणात परक्या मुलखात कोणी भात कालवून दिला नव्हता, ते मी विसरले. आणि तू तर तेव्हा घरातच होतास, तूही नाही दिलास. तू घरी जा आता. मी राहते."

त्या दिवशी वीणाकाकूंनी खिचडी केली, भांडी घासली, सलोनीला छातीशी धरून खोलीभर फिरवलं. चैत्राली झोपली. मी तिच्या घरी आल्यापासून तिला अशी गाढ झोपलेली पहिल्यांदाच पाहिली. मग काकू दर दोन दिवसांनी येऊ लागल्या. आळीव त्यांनी एडिसन गावातल्या भारतीय दुकानातून आणले.

ऑफिसात श्रीरंगने आपली केबिन रिकामी करून द्यायला सुरुवात केली. सकाळी एकदा, दुपारी एकदा तो लॅपटॉप उचलून कँटीनमध्ये जाऊन बसायचा. केबिनच्या दाराला कडी होती. ती आधीही होतीच. तुम्ही म्हणाल, सुधारला बिचारा. मी नाही म्हणणार. बंद होणारं एक दार तिला मिळावं म्हणून तिला आधी तापाने थरथरावं लागलं. शिवाय वर्षभरात त्याची बदली झाली, आणि नव्या साहेबाने ती केबिन कोणालाच दिली नाही. हे मला कसं कळलं? त्याच ऑफिसातली दुसरी एक आई मला भाड्याने घेऊन गेली. मी पुन्हा बेसिनशेजारी होतो.

सलोनी मात्र झकास वाढली. ताकद आल्यावर ती आपली आपण प्यायला शिकली आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत आईचं दूध प्यायली. मला परत द्यायला चैत्राली तिला कडेवर घेऊन दुकानात आली होती. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "मशीनने काही त्रास दिला?"

"मशीनने नाही," चैत्राली म्हणाली आणि तिने मला पुसून टेबलावर ठेवलं.

आता २००८ साल आहे. पर्समध्ये मावतील असे छोटे पंप निघाले आहेत. मी दुकानाच्या मागच्या फळीवर असतो. मला कोणी नेत नाही याचं मला दुःख नाही. बेसिनपाशी उभ्या राहणाऱ्या आया अजून तिथेच आहेत याचा राग आहे. तो राग मी तुम्हाला देऊन जाणार आहे, कारण तुम्ही मोठे व्हाल, खुर्च्यांवर बसाल, तुमच्या हातात खोल्यांच्या किल्ल्या येतील.

मित्रांनो, मी यंत्र आहे. मला दूध काढता येतं, बाकी काही येत नाही. आईला गरम भात वाढणं, रडणारं बाळ तिच्या हातातून घेणं, "तू झोप, मी आहे" असं म्हणणं मला कोणी शिकवलं नाही. तुम्हाला ते सगळं येतं. मग तुम्ही कशाची वाट बघताय?